जखमेला पाणी लागू द्या

दसरा उलटला की परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या परिसरातून, आणि एकूणच बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-नगरकडे, कोणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने हातात कोयता आणि पायांखाली पाचट. या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराच्याच नावाने माणसे मोजली जातात. उसाच्या पात्याची कड बारीक करवतीसारखी असते, ती मनगट, मान, गाल खरचटून काढते. तोडलेल्या उसाचे बुडखे तळपायात घुसतात. कोयता घसरला तर ऊस धरलेल्या हाताचे बोट किंवा नडगी कापली जाते. असे झाले की पुढचा क्रम जणू ठरलेला असतो: चिंधी दाबून रक्त थांबवायचे, पेटीतली मलमाची नळी काढून जखमेवर चोपडायची, वर फडके गुंडाळायचे आणि काही झाले तरी पाणी लागू द्यायचे नाही. पाणी लागले की जखम पिकते, हा सल्ला मराठी घरांत इतका मुरलेला आहे की तो कोणी कोणाला शिकवावा लागत नाही. मला वाटते, या क्रमात जे कटाक्षाने टाळले जाते तेच सर्वांत उपयोगाचे आहे, आणि ज्या नळीवर सगळी भिस्त ठेवली जाते तिचा वाटा सर्वांत लहान आहे.

जखम पिकते म्हणजे काय, इथून सुरुवात करू. आपल्या धडधाकट कातडीवरही जंतू असतातच. दर तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा, पू करणारा मुख्य जंतू कसलाही त्रास न देता राहत असतो. म्हणजे जखमेत जंतू शिरणारच. शरीर त्यासाठी तयार असते. कापल्यानंतर काही तासांत पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि शिरलेल्या जंतूंना गिळू लागतात. जखमेभोवतीची पहिल्या दिवसांतली थोडीशी लाली, ऊब, सूज ही त्याच कामाची खूण असते. बहुतेक लहान जखमांमध्ये ही लढाई शरीर बाहेरच्या मदतीशिवाय जिंकते. हरते ते दोन कारणांनी: एक तर जंतूंची संख्या फार मोठी असते, किंवा त्यांना लपायला जागा मिळते. मातीचा कण, पाचटाची कूस, शेणखताचा अंश, गोठलेल्या रक्ताची गुठळी, चेचून मेलेल्या मांसाचा तुकडा या त्या जागा. तिथे रक्तपुरवठा नसतो, म्हणून पांढरी पेशी पोचत नाही, आणि वरून लावलेले मलमही पोचत नाही. नळीतल्या औषधाची सगळी मर्यादा या एका गोष्टीत आहे.

ही मर्यादा ज्याने प्रयोगाने दाखवली तो माणूस पुढे अँटिबायोटिकमुळेच जगभर गाजला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधल्या बुलोन इथे, आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली, सैनिकांच्या जखमा तपासत होता. लढाई चालली होती ती शेतांत, पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेल्या जमिनीत. गोळीबरोबर कपड्याची चिंधी आणि ती खताची माती जखमेत खोल जात होती. डॉक्टर तीव्र जंतुनाशके ओतत होते आणि तरीही जखमा सडत होत्या. फ्लेमिंगने काचेची नळी तापवून तिच्या भिंतीतून काट्यासारखी पोकळ टोके बाहेर ओढली, म्हणजे फाटक्या जखमेतल्या खाचाखोचांची नक्कल केली. त्यात जंतू मिसळलेला रक्तद्रव भरला, तो ओतून दिला, नळी जंतुनाशकाने भरली, तेही ओतून दिले आणि मग स्वच्छ द्रव भरला. जंतू पुन्हा वाढले, कारण टोकांच्या तळाशी जंतुनाशक पोचलेच नव्हते. शिवाय ती रसायने जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींनाच जास्त मारतात, असेही त्याला आढळले. त्याचा आणि राइट यांचा आग्रह होता तो घाण आणि मेलेले मांस काढून टाका, जखम मिठाच्या पाण्याने धुवा, शरीराला त्याचे काम करू द्या, असा. त्याचा पेनिसिलिनचा शोध 1928 मधला, म्हणजे नंतरचा. तो लागल्यावरही खाचाखोचांची ही गोष्ट बदलली नाही.

धुणे किती प्रभावी असते याचा सर्वांत कठोर दाखला कुत्रा चावल्यावरच्या उपचारात आहे. रेबीज एकदा अंगात पसरून लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. अशा रोगापुढेही जागतिक आरोग्य संघटना पहिली सूचना देते ती जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्याची. लस त्यानंतर लगेच आणि न चुकता घ्यायचीच. पण पंधरा मिनिटांचे पाणी तिच्या आधी. तिखट, चुना, तेल, चुलीतली राख यांपैकी काहीही लावायचे नाही, असेही त्याच सूचनांचे म्हणणे आहे. जिथे चूक झाली तर जीव जातो तिथे जगभरच्या तज्ज्ञांचा पाण्यावर विश्वास असेल, तर बोटाला कोयता लागल्यावर पाण्याला भिण्याचे कारण उरत नाही. पाणी निर्जंतुक नसते, ही शंका रास्त आहे. तीही तपासली गेली आहे. पिण्यालायक नळाचे पाणी आणि दवाखान्यातले निर्जंतुक सलाइन यांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणात एकत्र पाहिल्या गेल्या, आणि साध्या जखमांत नळाच्या पाण्याने जंतुसंसर्ग वाढल्याचे दिसले नाही. जे पाणी आपण निर्धास्त पितो ते जखमेलाही चालते. कारण सोपे आहे: वाहत्या पाण्याबरोबर बाहेर जाणारी घाण आणि जंतू त्या पाण्यातून आत येणाऱ्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त असतात.

मग पाणी लागू देऊ नको हा सल्ला आला कुठून? तो पूर्ण खोटा नाही; त्याची वेळ चुकीची आहे. साचलेल्या, गढूळ पाण्यात जखम तासन्‌तास भिजली, चिखलात किंवा पाटाच्या पाण्यात उभे राहून काम केले, ओले फडके दिवसभर तसेच राहिले, तर कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि जंतूंना वाट मिळते. भिजत राहणे आणि धुणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपण दोन्हींना एकच शब्द वापरला, ‘पाणी लागणे’, आणि एकीची भीती दुसरीला चिकटली.

दुसरी तशीच घट्ट समजूत म्हणजे जखम उघडी ठेवून सुकवली पाहिजे, खपली धरली पाहिजे. पिवळी-पांढरी जंतुनाशक पावडर भुरभुरण्याची सवय यातूनच आली. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या कातडीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांवरही असेच दिसले. नवी कातडी बनवणाऱ्या पेशी कडेकडून सरपटत आत येतात. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या वरून सरळ येतात. वाळून कडक खपली झाली असेल तर तिच्याखालून वाट काढत जावे लागते. मलम लावल्यावर जखम लवकर भरते, हा लोकांचा अनुभव त्यामुळे खराच आहे. फक्त श्रेय चुकीच्या घटकाला जाते. नळीतल्या मलमाचा बहुतांश भाग अँटिबायोटिक नसतो, तो स्निग्ध आधार असतो, आणि जखम ओलसर ठेवण्याचे काम तो आधार करतो.

हे नुसते तर्काने म्हणायचे कारण नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत त्वचेवरच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर नऊशेहून अधिक रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाने जखमेवर बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक मलम लावले, दुसऱ्याने साधी पांढरी पेट्रोलियम जेली. जेलीच्या गटात सुमारे 2 टक्के रुग्णांना जंतुसंसर्ग झाला, बॅसिट्रासिनच्या गटात 0.9 टक्के, हा फरक योगायोगाने पडू शकेल इतपतच होता. जखमा भरण्यात फरक नव्हता. मलमाची ॲलर्जी मात्र बॅसिट्रासिनच्या गटातल्या 4 जणांना झाली, जेलीच्या गटात एकालाही नाही.

इथे कोणी जाणकार थांबवेल, आणि थांबवावेही. त्या जखमा शस्त्रक्रियेच्या, म्हणजे मुळातच स्वच्छ होत्या. ऊसतोडीच्या फडातल्या जखमेला हा निकाल कसा लावायचा? शिवाय 1995 मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी एक चाचणी उलट सांगते. तिच्यात अपघात विभागात आलेल्या, टाके घातलेल्या साध्या जखमा होत्या. पेट्रोलियम जेली लावलेल्यांत 17.6 टक्के जखमा बिघडल्या. बॅसिट्रासिन लावलेल्यांत 5.5 टक्के आणि तीन अँटिबायोटिकांच्या मिश्र मलमात 4.5 टक्के. हा पुरावा लपवून माझे म्हणणे पुढे रेटणे बरोबर होणार नाही. 2016 च्या कॉक्रेन परीक्षणातही, टाके घालून बंद केलेल्या जखमांवर अँटिबायोटिक मलमाने हजारामागे सुमारे 20 संसर्ग कमी होत असावेत, असा निष्कर्ष आहे. म्हणजे मलमाला काहीच गुण नाही, असे म्हणता येत नाही. पण या आकड्यांकडे नीट पाहावे. 1995 च्या चाचणीतले बरेच संसर्ग टाक्यांच्या छिद्रांशी झालेले लहान फोड होते, आणि बिनटाक्याच्या खरचटण्याला ती छिद्रेच नसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अपघात विभागात टाके घालण्याआधी जखम धुऊन स्वच्छ केली जाते. मलमाचा जो काही लाभ दिसला तो धुतलेल्या जखमेवरचा, वरचा थोडा लाभ आहे. न धुतलेल्या जखमेवर चोपडलेल्या मलमाच्या बाजूने हा पुरावा उभा राहत नाही, आणि आपल्याकडे नळीचा वापर नेमका तसा होतो. हजारात 20 हा आकडा टाके घातलेल्या रुग्णासाठी डॉक्टरने विचारात घ्यावा असा आहे. प्रत्येक ओरखड्यासाठी घरोघरी नळी ठेवावी, इतके त्याचे बळ नाही.

कारण नळीचीही किंमत मोजावी लागते, आणि ती दुकानात दिलेल्या पैशांपुरती नसते. आपल्या घरांत सर्वांत ओळखीची नळी सोफ्रामायसिनची. तिच्यातले औषध फ्रामायसेटिन, म्हणजे निओमायसिन बी. निओमायसिन 1949 मध्ये सेल्मन वाक्समन आणि ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी मातीतल्या एका जंतूपासून मिळवले; ज्या मातीला जखम घाबरते तिच्यातूनच हे औषध आले. त्याचा मोठा दोष असा की कातडीला त्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण बरेच आहे. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संस्था दरवर्षी एका पदार्थाकडे ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून लक्ष वेधते. 2003 मध्ये तो मान बॅसिट्रासिनला आणि 2010 मध्ये निओमायसिनला मिळाला. ही ॲलर्जी फसवी असते. जखमेभोवती लाली येते, खाज सुटते, पाणी सुटते, आणि घरच्यांना वाटते की जखम चिघळली. मग तेच मलम आणखी जाड लावले जाते. निओस्पोरिनने त्रास होतो म्हणून सोफ्रामायसिन घेतले तरी उपयोग नाही, दोन्हींत निओमायसिनच. मोठ्या, कातडी सोललेल्या भागावर ते वारंवार लावले तर अंगात शोषले जाऊन कानांना इजा करू शकते, ही गोष्ट भाजलेल्या माणसाबाबत विशेष ध्यानात ठेवावी. आणखी वाईट म्हणजे ‘खाजेचे मलम’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र नळ्या, ज्यांत अँटिबायोटिक, बुरशीनाशक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइड जखम भरण्याचा वेगच कमी करते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातले, तरी या नळ्या घराघरांत पोचलेल्या आहेतच.

बोटावर घेतलेल्या चिमूटभर मलमाने जंतू औषधाला सरावतात, हे अनेकांना अतिशयोक्त वाटते. न्यूझीलंडचा अनुभव या शंकेचे उत्तर आहे. तिथे 1991 पासून म्युपिरोसिन हे मलम चिठ्ठीशिवाय मिळू लागले. 1999 पर्यंत ऑकलंडमध्ये तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूंपैकी 28 टक्के त्याला दाद देईनासे झाले. 2000 मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली आणि 2013 पर्यंत हे प्रमाण 11 टक्क्यांवर उतरले. पण त्याच काळात डॉक्टर फ्युसिडिक ॲसिडच्या मलमाकडे वळले आणि त्याला न जुमानणारे जंतू 17 वरून 29 टक्क्यांवर गेले. एका लहान देशात, केवळ कातडीवर लावायच्या नळ्यांमुळे हे घडले. आणि म्युपिरोसिन हे काही किरकोळ औषध नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकातला हाच जंतू घालवण्यासाठी ते लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख माणसे गेली, असा अंदाज 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मलमांचा वाटा लहानच असेल, गोळ्या-इंजेक्शनांचा आणि जनावरांना दिलेल्या औषधांचा मोठा. पण ज्या वापरातून रुग्णाला जवळजवळ काहीच मिळत नाही, तो सोडणे सर्वांत सोपे असायला हवे.

मलम नको तर हळद लावू, हे आपल्याकडचे पुढचे उत्तर. हळदीचा अभिमान असायला कारण आहे. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. पण ते रद्द झाले हे ज्ञान जुने आहे म्हणून. उघड्या जखमेत डब्यातली हळद भरणे सुरक्षित आहे, असा निवाडा कोणी दिला नाही. हळदीत जंतूंना रोखणारी द्रव्ये आहेत, आणि तरीही स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते, जखमेत तिचे कण अडकतात, आणि रंगामुळे लाली पसरते आहे की नाही हे दिसत नाही. बांधावरचा दगडीपाला चुरगळून लावण्याबद्दलही हेच म्हणता येईल. पाला गुणाचा असेल, त्याच्यावरची धूळ नसते.

आता खरी अवघड हरकत. फडावर पाणी कुठे आहे? राहायच्या कोप्यांजवळ प्यायचे पाणी जेमतेम, दवाखाना दूर, आणि एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. अशा माणसाला नळी हाच एकमेव डॉक्टर. ही हरकत मी फार गंभीरपणे घेते, कारण तिच्यात शहाणपणाची उणीव नाही, सोयीची आहे. पण तिच्यातून निष्कर्ष उलटा निघतो. जिथे दवाखाना दूर तिथे पहिल्या दहा मिनिटांत जखम स्वच्छ होणे सर्वांत गरजेचे. लिटरभर प्यायचे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावे, झाकणाला सुईने भोक पाडावे आणि बाटली दाबावी. येणारी बारीक, जोरकस धार खाचांत अडकलेली माती काढते. भोवतालची कातडी साबणाने धुवावी, दिसणारे कुसळ काढावे. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ फडके घट्ट दाबून दहा मिनिटे धरावे, मध्येमध्ये उचलून पाहू नये. मग नळीतल्या साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. सगळ्यांची बोटे बुडणारी डबी नको. वर पट्टी, आणि ती रोज, किंवा ओली-मळकी झाली की, बदलायची. याला लागते पाणी, साबण, जेली आणि पट्टी. त्यांपैकी पाणी टोळीपर्यंत पोचवणे ही ज्यांच्या उसासाठी हे हात राबतात त्या कारखान्यांची जबाबदारी आहे, आणि एका टँकरचा खर्च फार मोठा नाही.

नळीचा सर्वांत मोठा धोका ॲलर्जीतही नाही आणि सरावलेल्या जंतूंतही नाही. मलम लावले म्हणजे उपचार झाला, या समाधानात तो आहे. कोयत्याची जखम तोंडाला लहान आणि आत खोल असू शकते. बोट वाकत नसेल तर स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो, शेंड्याला बधिरपणा असेल तर नस. दोन्ही वेळेवर जोडता येतात, उशिरा फार कठीण. दहा मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, लाली रोज पसरत जाणे, ताप, जखमेकडून वर चढणारी लाल रेघ, बुडख्याने तळपायात पडलेले खोल भोक, मधुमेह असलेल्याच्या पायाची कोणतीही जखम, हे सारे दवाखान्यात नेण्याचे प्रसंग आहेत. धर्मापुरीच्या माणसाला त्यासाठी परळीचे किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळचे. लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या धरणारे, एकाचे दुसऱ्याला होणारे फोड आले, तर अँटिबायोटिक मलम खरोखर उपयोगी पडते; पण कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचे.

आणि धनुर्वात. त्याचे बीजाणू माती-शेणात वर्षानुवर्षे टिकतात, हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत फुटतात, आणि तिथे वरचे मलम कधीच जात नाही. त्यापासून वाचवते ती लस. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची मात्रा बाळपणी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. बायकांना गरोदरपणीही मिळते. आईबापांबरोबर फडावर गेल्याने शाळा सुटलेल्या मुलाची दहाव्या-सोळाव्या वर्षाची मात्रा हुकते, आणि पुढे पुरुष म्हणून त्याला कोणी विचारतही नाही. मातीने भरलेली जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटून गेली असली, तर नवी मात्रा घ्यावी लागते. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची. फडावर, रात्रीच्या वेळी, परक्या जिल्ह्यात ती शोधण्यापेक्षा गावातून ट्रक सुटण्याआधी, भाद्रपद-आश्विनातच टोळीतल्या प्रत्येकाला टोचून घेता येते, आणि कोणाला कोणत्या साली मिळाली ते मुकादमाच्या वहीत उचलीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवता येते.